मासिकाला कथा देता, तेव्हा नेमकं काय देता?

कथा लिहून झाली आहे. दोन-तीन विश्वासू माणसांनी ती वाचून मत दिलं आहे, तुम्ही तिच्यावर पुन्हा एकदा हात फिरवला आहे आणि आता ती मानधन देणाऱ्या एखाद्या ऑनलाइन मासिकाकडे पाठवायची आहे. इथवर आलेल्या लेखकाला पडणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. फाँट कोणता वापरू? सोबतच्या पत्रात काय लिहू? उत्तर किती दिवसांत येतं? एकच कथा दोन ठिकाणी पाठवली तर चालेल का? या सगळ्यांची उत्तरं पुढे आहेत. पण नियम सुटे सुटे पाठ करण्यापेक्षा ते जिथून निघतात ती गोष्ट आधी समजून घेतली, तर बाकीचं फारसं समजावून सांगावं लागत नाही. मासिक तुमची कथा विकत घेत नाही. ती पहिल्यांदा प्रसिद्ध करण्याचा हक्क घेतं, तोही मुदतीपुरता, आणि पैसे देतं ते त्या हक्काचे.

कथा कागदावर किंवा फाइलमध्ये उतरली की तिचा कॉपीराइट आपोआप लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही की कुठलं चिन्ह छापावं लागत नाही. १८८६ साली झालेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या बर्न कराराचं हे तत्त्व आज जगातले बहुतेक देश पाळतात. आता कॉपीराइट हा एकच एक हक्क नाही. छापण्याचा, इंटरनेटवर प्रसिद्ध करण्याचा, वाचून ध्वनिमुद्रित करण्याचा, अनुवादाचा, संग्रहात घेण्याचा, चित्रपट काढण्याचा असे अनेक हक्क त्यात एकत्र असतात आणि त्यातला प्रत्येक हक्क वेगळा काढून देता येतो. घर भाड्याने दिलं म्हणून मालकी जात नाही, राहण्याचा हक्क तेवढा करारापुरता दुसऱ्याकडे जातो. मासिकाशी होणारा व्यवहार याच जातीचा असतो, निदान असायला हवा.

या व्यवहारात सगळ्यांत मोलाचा हक्क म्हणजे पहिल्या प्रकाशनाचा. वाचकांना जी कथा इतरत्र कुठेही मिळत नाही ती आपल्याकडे मिळते, यावर मासिक चालतं. हा हक्क प्रत्येक भाषेपुरता एकदाच देता येतो. ‘कथा अप्रकाशित असावी’ या अटीचं मूळ इथे आहे, आणि लेखक सगळ्यांत जास्त अडखळतात तेही इथेच. स्वतःच्या ब्लॉगवर टाकलेली कथा बहुतेक मासिकं प्रकाशितच धरतात. वाचक चाळीस असोत की चार हजार, त्याने फरक पडत नाही. फेसबुकवर सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट, वॉटपॅडसारखी वाचनाची अ‍ॅप्स, वर्गणीदारांसाठी पेट्रिऑनवर टाकलेला मजकूर, हे सगळं बहुतेक ठिकाणी प्रकाशनातच मोडतं. याउलट लेखकांच्या बंद गटात, पासवर्डच्या आड, अभिप्रायासाठी ठेवलेला मसुदा सहसा प्रकाशित मानत नाहीत. म्हणून ज्या कथेबद्दल मनात जराशी जरी आशा असेल, ती आधी मासिकांकडे फिरवून आणावी आणि मग ब्लॉगवर टाकावी. हा क्रम उलटा केला, तर मागे फिरता येत नाही. पोस्ट काढून टाकली तरी कथा पुन्हा अप्रकाशित होत नाही.

भाषेची बाब वेगळी आहे. एका भाषेत आधी छापून आलेल्या कथेचा दुसऱ्या भाषेतला पहिल्या प्रकाशनाचा हक्क शाबूत असतो. त्यामुळे मराठीत प्रसिद्ध झालेली कथा इंग्रजीत करून पाठवता येते. मात्र मूळ प्रकाशनाच्या वेळी अनुवादाचा हक्क कुणाला लिहून दिला आहे का, हे आधी बघावं लागतं. अनुवाद दुसऱ्या कुणी केला असेल, तर त्या अनुवादावर अनुवादकाचाही हक्क असतो, तेव्हा दोघांची संमती लागते. अनुवाद घेणारी इंग्रजी ऑनलाइन मासिकं आहेत. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ने अनुवादित कल्पनारम्य साहित्यासाठी २०१७ मध्ये ‘समोवर’ हे वेगळं मासिक सुरू केलं. ‘क्लार्क्सवर्ल्ड’च्या अंकांतही अनुवादित कथा नेहमी असतात.

मानधन किती मिळतं, हा विचारायला संकोच वाटावा असा प्रश्न मुळीच नाही. इंग्रजीतल्या विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथांच्या जगात मानधन शब्दामागे ठरतं. तिथली ओळखीची मोजपट्टी आहे ती विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या ‘एसएफडब्ल्यूए’ या संघटनेने लावलेली. सप्टेंबर २०१९ पासून तिने व्यावसायिक दर शब्दाला ८ सेंट धरला, त्याआधी तो ६ सेंट होता. म्हणजे ४,००० शब्दांच्या कथेचे ३२० डॉलर होतात. काही मासिकं यापेक्षा जास्त देतात, कित्येक कमी देतात, आणि काही कथेमागे ठरावीक रक्कम देतात, मग ती दोन पानांची असो की वीस. या संघटनेचं सभासदत्व पूर्वी अशा दराने प्रकाशित झालेल्या कथांवर ठरायचं. २०२२ पासून ते लेखनातून झालेल्या एकूण कमाईवर ठरतं, १०० डॉलर झाले की सहयोगी आणि १,००० डॉलर झाले की पूर्ण सभासद. मला हा बदल योग्य वाटतो. लहान मासिकांत चिकाटीने लिहिणाऱ्यालाही त्यामुळे दार उघडं झालं.

एकट्या कथांच्या मानधनावर सहसा कुणाचं घर चालत नाही, हेही आत्ताच सांगायला हवं. आणि मासिक काढणाऱ्यांचं तरी कुठे चालतं? ‘स्ट्रेंज होरायझन्स’ २००० सालापासून देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टांवर उभं आहे. ‘अनकॅनी’ २०१४ मध्ये किकस्टार्टरवर वाचकांनी जमवलेल्या पैशांतून निघालं. ‘क्लार्क्सवर्ल्ड’सारख्या मासिकांना वर्गणीदारांचा मोठा आधार असतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवरची नियतकालिकांची वर्गणी बंद केली, तेव्हा त्या वाटेने येणारं उत्पन्न अनेक मासिकांच्या हातून एकदम गेलं आणि वाचकांना पुन्हा एकेक करून गोळा करावं लागलं. हे लक्षात ठेवण्याचं कारण आहे. मासिकं बंद पडतात, कधी स्वीकारलेल्या कथा हातात असताना बंद पडतात. त्या वेळी तुमच्या कथेचं काय होणार, हे करारात लिहिलेलं असावं लागतं. त्याकडे पुढे येऊच.

पैसा कुठल्या दिशेने वाहतो, हे पाहिलं की मासिकाची पारख निम्मी झाली. तो लेखकाकडे यायला हवा. कथा छापण्यासाठी, संग्रहात घेण्यासाठी, ‘संपादन शुल्क’ म्हणून किंवा अंकाच्या प्रती घ्याव्याच लागतील म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तिथून निघावं. थोडी अडचण होते ती वाचनशुल्काची. अमेरिकेतली अनेक साहित्यिक मासिकं कथा पाठवताना साधारण ३ डॉलर घेतात. त्यांना फसवणूक म्हणता येणार नाही, कारण संगणकप्रणालीचा खर्च त्यांनाही असतो. पण वीस ठिकाणी कथा फिरवायची तर ६० डॉलर झाले, आणि पदरात साभार परतीच पडल्या तर ते गेले. विज्ञानकथा-अद्भुतकथांची चांगली मासिकं असं शुल्क घेत नाहीत. माझा सल्ला स्पष्ट आहे. विनाशुल्क पर्याय संपेपर्यंत शुल्क भरू नये. एखाद्या मासिकाबद्दल किंवा स्पर्धेबद्दल शंका आली तर ‘रायटर बिवेअर’वर शोधावं. लेखकांना लुबाडणाऱ्यांची माहिती गोळा करून ती सगळ्यांसाठी खुली ठेवण्याचं काम तिथे १९९८ पासून चालू आहे.

मासिकं शोधायला ‘सबमिशन ग्राइंडर’ हे संकेतस्थळ आहे. ते २०१३ पासून चालू आहे आणि विनामूल्य आहे. कथेचा प्रकार, शब्दसंख्या आणि किमान दर भरला की त्यात बसणारी मासिकं दिसतात. लेखकांनी स्वतः नोंदवलेल्या तारखांवरून कुठलं मासिक उत्तराला साधारण किती दिवस घेतं, तेही कळतं. ‘ड्युओट्रोप’ हे असंच जुनं संकेतस्थळ, पण त्याला महिन्याला ५ डॉलर पडतात. यादी हाती आली की लगेच पाठवायला बसू नये. ऑनलाइन मासिकांचा मोठा फायदा असा की बहुतेकांचे अंक फुकट वाचता येतात. अलीकडच्या अंकांतल्या तीन-चार कथा शांतपणे वाचल्या की संपादकाचा कान कसा आहे ते समजायला लागतं. कथा कुठे सुरू होतात, किती मोकळ्या टोकांवर संपतात, किती समजावून सांगतात, हे पाहावं. ‘आम्हाला उत्तम कथा हव्यात’ या नियमावलीतल्या वाक्यापेक्षा हे वाचन कितीतरी जास्त सांगतं.

मग नियमावली. ती शेवटपर्यंत वाचायची, आणि पाठवण्याच्या दिवशी पुन्हा वाचायची, कारण ती बदलत असते. काही मासिकं वर्षभर कथा घेतात, काही वर्षातले ठरावीक आठवडेच. शब्दमर्यादेच्या बाबतीत मनाचा मोठेपणा गृहीत धरू नये. ५,००० म्हटलं असेल तर ५,६०० शब्दांची कथा अनेकदा प्रणालीच घेत नाही, माणसापर्यंत ती पोचतही नाही. एसएफडब्ल्यूए देते त्या नेब्युला पुरस्कारांच्या हिशेबात ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, त्यापुढे १७,५०० पर्यंत दीर्घकथा आणि त्यावर ४०,००० पर्यंत लघुकादंबरी. मासिकांच्या शब्दमर्यादा मात्र बऱ्याचदा याहून आखूड असतात. ऑनलाइन वाचकाला एका बैठकीत संपेल इतकी कथा ठेवण्याकडे संपादकांचा कल असतो.

फाइल कशी सजवायची याचं उत्तर कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच असलेलं बरं. सजवायची नाही. इंग्रजीत यासाठी विल्यम शन या लेखकाने घालून दिलेला नमुना सर्वत्र चालतो. साधा १२ पॉइंटचा फाँट, ओळींमध्ये दुप्पट अंतर, चारी बाजूंनी एक इंच समास, पहिल्या पानावर डावीकडे वर नाव-पत्ता आणि उजवीकडे अंदाजे शब्दसंख्या, पुढच्या पानांवर आडनाव, शीर्षक आणि पृष्ठक्रमांक. काही मासिकं लेखकाचं नाव न कळता कथा वाचतात. तिथे फाइलमध्ये कुठेही नाव ठेवायचं नाही, फाइलच्या नावातही नाही आणि दस्तऐवजाच्या गुणधर्मांमध्ये संगणक आपणहून लिहून ठेवतो त्या जागीही नाही. हे शेवटचं तपासायचं हटकून राहून जातं.

सोबतच्या पत्राची लेखकांनी उगाच धास्ती घेतलेली असते. पुस्तकाचा प्रस्ताव पाठवताना पत्रावर मेहनत घ्यावी लागते, कथेच्या बाबतीत ते काम कथाच करते. इतकं पुरतं:

‘संपादकांस, “पाण्याखालचं घड्याळ” ही माझी ३,८०० शब्दांची विज्ञानकथा आपल्या विचारार्थ पाठवत आहे. कथा अप्रकाशित असून सध्या दुसरीकडे कुठेही पाठवलेली नाही. वाचनासाठी दिलेल्या वेळेबद्दल आभार.’

आधी कुठे कथा आल्या असतील तर दोन-तीन नावं लिहावीत. आल्या नसतील तर ती ओळ सोडून द्यावी, ‘ही माझी पहिलीच कथा आहे’ असं सांगण्याची गरज नाही. कथेचा सारांश देऊ नये. तिचा अर्थही सांगू नये, कारण तो वाचणाऱ्याने स्वतः शोधायचा असतो आणि तुम्ही आधीच सांगितलात तर त्याचं पहिलं, कोरं वाचन तुम्हीच हिरावून घेता. एखाद्या अवघड अनुभवाशी किंवा व्यवसायाशी कथेचा थेट संबंध असेल, म्हणजे खोल समुद्रातल्या कामगारांवरची कथा खरोखर त्या कामात असलेल्या माणसाने लिहिली असेल, तर एक वाक्य जरूर लिहावं.

बटण दाबल्यावर पलीकडे काय होतं? कथा मोक्षा, सबमिटेबल अशा कथा स्वीकारणाऱ्या प्रणालीत किंवा मासिकाच्या स्वतःच्या प्रणालीत जाऊन रांगेला लागते. तिथे ती आधी बहुधा संपादकाकडे जात नाही. प्राथमिक वाचकांची एक फळी असते, बरेचदा विनामोबदला काम करणारी, नोकरी-घर सांभाळून रात्री तासभर वाचायला बसणारी. त्यांच्या पडद्यावर एक यादी असते: शीर्षक, शब्दसंख्या, किती दिवसांपासून पडून आहे. ते एक कथा उघडतात. पहिल्या पानावर कुणाला काय हवं आहे किंवा काय बिनसलं आहे याचा सुगावा लागला, भाषा हातात आहे असं जाणवलं, तर पुढे वाचतात. दोन-तीन पानं हवामान, झोपेतून उठणं आणि आरशात पाहणं यातच गेली, तर थांबतात. यात लेखकाचा अपमान नसतो. त्या वाचकाला तुमची कथा पूर्ण करायची नसते, वरच्या संपादकाकडे पाठवण्याजोगी आहे का एवढंच ठरवायचं असतं. आवडली तर तो दोन ओळींचा शेरा लिहून ती पुढे सरकवतो. दुसरा वाचतो, मग संपादक. शंभरातल्या फार थोड्या कथा या टप्प्याला पोचतात आणि त्यातल्याही बहुतेक चांगल्या असूनच परत जातात.

त्या का परत जातात? अंकात जागा तीन-चार कथांची असते. गेल्याच महिन्यात भूलतज्ज्ञाच्या भुताची कथा घेतलेली असते आणि तुमचीही तशीच असते. संपादकाला कथा आवडते पण शेवट पटत नाही, आणि दुरुस्त करून घेण्याइतका वेळ नसतो. काही कल्पना मात्र इतक्यांदा येतात की वाचक दुसऱ्या परिच्छेदातच ओळखतो. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ने अशा वारंवार दिसणाऱ्या कथानकांची एक लांबलचक यादीच प्रसिद्ध केली आहे, ती पाठवण्याआधी नजरेखालून घालावी. यादीतली कल्पना घेऊनही चांगली कथा होऊ शकते, पण मग तिला दुप्पट ताकद लागते.

या रांगेवर अलीकडे मोठं संकट आलं. २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘क्लार्क्सवर्ल्ड’ने कथा घेणं अचानक थांबवलं. त्या महिन्यात तोवर यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेल्या सुमारे ५०० कथा त्यांच्याकडे आल्या होत्या. झटपट पैसे मिळवण्याच्या व्हिडिओंवरून शिकून लोकांनी त्या ढिगाने पाठवल्या होत्या. मासिकाने काही आठवड्यांनी दारं पुन्हा उघडली. पण या संकटाचा भार खऱ्या लेखकांवर कायमचा पडला. आता बहुतेक नियमावल्यांमध्ये एआयने लिहिलेली किंवा त्याची मदत घेतलेली कथा चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, फॉर्ममध्ये तसं मान्य करून खूण करावी लागते, आणि खोटं निघालं तर कायमची बंदी येते. मला याबद्दल मनापासून वाटतं ते असं, की नव्या, अनोळखी लेखकाची कथा कुणीतरी कोऱ्या मनाने उघडतं यावरच ही सगळी व्यवस्था उभी आहे. ते उघडणं ज्यांनी महाग केलं, त्यांनी नव्या लेखकांचंच सगळ्यांत जास्त नुकसान केलं.

एकच कथा एकाच वेळी अनेक मासिकांना पाठवावी का, हे प्रत्येकाच्या नियमावलीत असतं. साहित्यिक मासिकं बहुधा चालवून घेतात, फक्त दुसरीकडे स्वीकारली गेली तर त्याच दिवशी कळवा म्हणतात. विज्ञानकथा-अद्भुतकथांची अनेक मासिकं परवानगी देत नाहीत, पण मग उत्तरही तुलनेने लवकर देतात. चालत नाही असं लिहिलं असेल तर ते पाळावं. दोन मासिकांनी एकाच आठवड्यात होकार दिला, तर पहिल्या प्रकाशनाचा हक्क दोघांना कसा देणार? एका मासिकाला एकाच वेळी दोन कथा पाठवणं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नको’ असं असतं.

वाट पाहण्याचा काळ काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत काहीही असू शकतो. नियमावलीत दिलेली मुदत उलटण्याआधी विचारणा करू नये. उलटली की दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवायला काहीच हरकत नाही. मधल्या काळात एक साधा तक्ता ठेवावा. कथा, मासिक, पाठवल्याची तारीख, उत्तराची तारीख, उत्तर काय. कथा पाच-सहा झाल्या की कुठली कुठे आहे हे डोक्यात राहत नाही, आणि एकदा परत आलेली कथा त्याच मासिकाला चुकून पुन्हा पाठवणं फार लाजिरवाणं वाटतं.

साभार परतीचे प्रकार ओळखायला शिकावं. ठरीव मजकुराचं पत्र म्हणजे फक्त नकार, त्यातल्या ‘सध्या आमच्यासाठी योग्य नाही’ या शब्दांतून काही अर्थ काढत बसू नये. कथेतल्या एखाद्या पात्राचा किंवा प्रसंगाचा उल्लेख करून दोन ओळी लिहिल्या असतील, तर कुणीतरी वेळ काढला आहे. ‘पुढची कथा जरूर पाठवा’ हे वाक्य अनेक मासिकं जपून वापरतात, तेव्हा ते खरं मानून पाठवावी. ‘निर्णयासाठी राखून ठेवली आहे’ असं आलं तर ती वरच्या टप्प्यावर पोचली आहे. आणि ‘हे हे बदल करून पुन्हा दाखवाल का’ असं विचारलं, तर तो होकार नसतो पण होकाराच्या फार जवळ असतो. बदल पटत असतील तरच करावेत. नकाराला उत्तर म्हणून आपली बाजू मांडणारं पत्र मात्र कधीच पाठवू नये.

होकार आला की आनंद जरूर करावा, पण सही करायच्या आधी करार वाचावा. समजा त्यात असं आहे:

‘लेखक ही कथा इंग्रजी भाषेत, जगभरात, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रथम प्रकाशित करण्याचा हक्क मासिकास देत आहे. प्रकाशनाच्या तारखेपासून सहा महिने हा हक्क केवळ मासिकाकडे राहील. त्यानंतर कथा मासिकाच्या संग्रहात उपलब्ध ठेवण्याचा हक्क मासिकाकडे राहील, मात्र तो केवळ मासिकापुरता मर्यादित नसेल.’

यातला प्रत्येक शब्द काम करतो. ‘इंग्रजी भाषेत’ म्हटलं, म्हणजे मराठी, हिंदी, फ्रेंच सगळे हक्क तुमच्याकडे राहिले. ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ म्हटलं, म्हणजे छापील पुस्तकाचा हक्क दिलेला नाही. ध्वनिमुद्रणाचा उल्लेखच नाही, तेव्हा तोही तुमचाच. मासिकाला पॉडकास्ट करायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरवता येतात. सहा महिने कथा दुसरीकडे देता येणार नाही, हे रास्त आहे. वर्षभर म्हटलं असतं तरी चाललं असतं. शेवटच्या वाक्याचा अर्थ, कथा त्यांच्या जुन्या अंकात राहील आणि तुम्ही ती इतरत्रही देऊ शकाल. असा करार मिळाला तर निर्धास्तपणे सही करावी.

आता धोक्याच्या जागा. ‘सर्व हक्क’, ‘कायमस्वरूपी’, ‘ज्ञात आणि भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत’ असं दिसलं तर थांबावं. ‘वर्क फॉर हायर’ असं असेल, तर कथेचा लेखक कायद्याने तुम्ही राहतच नाही, मालकी थेट त्यांच्याकडे जाते. लहान कथेच्या मानधनात हे कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. चित्रपट आणि मालिकेचे हक्क ऑनलाइन मासिकाला लागत नाहीत. ‘मॉरल राइट्स’ सोडून देण्याचं कलम असेल, तर तुमचं नाव छापण्याचा आणि कथेची मोडतोड न होऊ देण्याचा हक्कच तुम्ही सोडता. याउलट काही कलमं असायलाच हवीत. करार झाल्यावर अमुक महिन्यांत कथा प्रसिद्ध झाली नाही किंवा मासिक बंद पडलं, तर हक्क आपोआप लेखकाकडे परत येतील. शब्दांत मोठे बदल लेखकाला विचारूनच होतील. पैसे कधी मिळतील, होकारानंतर की प्रकाशनानंतर, आणि किती दिवसांत. यंत्राला शिकवण्यासाठी कथा वापरू देणार नाही असं कलमही आता अनेक चांगली मासिकं स्वतःहून घालतात, नसेल तर घालायला सांगावं.

सांगावं, म्हणजे खरंच सांगावं. ‘हे कलम काढता येईल का’ असं नम्रपणे विचारल्यामुळे चांगला संपादक होकार मागे घेत नाही. पुष्कळदा तो म्हणतो की हा जुना नमुना आहे, बदलून देतो. एसएफडब्ल्यूएने मासिकांसाठी एक आदर्श करार तयार केला आहे, तो शेजारी उघडून दोन्ही ओळ-ओळ ताडून पाहणं ही सगळ्यांत सोपी पद्धत. बदल शक्य नाही असं कळलं आणि कलम खरोखर वाईट असेल, तर कथा परत घ्यावी. ती घेणारं दुसरं मासिक पुढे भेटू शकतं, पण एकदा गेलेले हक्क परत मिळवणं फार कठीण असतं.

पैसे बहुधा पेपॅलने येतात. अमेरिकेतलं मासिक असेल तर बाहेरच्या लेखकाकडून ‘डब्ल्यू-८ बेन’ हा कराचा फॉर्म मागू शकतं. आपण अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नाही, हे मुख्यतः त्यात सांगायचं असतं, घाबरायचं कारण नाही. मग संपादित प्रत येते. बदल पटत नसेल तिथे कारणासह लिहावं, पण लिहिण्याआधी दिवसभर जाऊ द्यावा. शेवटी मुद्रितशोधनाची प्रत येते, त्या वेळी वाक्यं नव्याने लिहायची नसतात. फक्त चुका शोधायच्या, आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बघायचं.

कथा प्रसिद्ध झाली की करारातली मुदत संपण्याची तारीख त्या तक्त्यात लिहून ठेवावी. त्या दिवसापासून ती पुनःप्रकाशनासाठी पाठवता येते. असं करणारी मासिकं, पॉडकास्ट आणि वार्षिक संग्रह आहेत. दर पहिल्या वेळेपेक्षा कमी असतो, बऱ्याचदा शब्दाला एखाद-दोन सेंट, पण नवं काही न लिहिता मिळतो. पाठवताना पत्रात पहिल्या प्रकाशनाचं मासिक, महिना आणि वर्ष लिहावं, आणि सर्व हक्क आता माझ्याकडे परत आले आहेत, अशी एक ओळ घालावी.